चिंधीनं बांधलेली गुटी

१

दोष माझ्या बापाचा आहे. शेषेराव त्याचं नाव. चाकूरच्या बाजारात विचारलं तर लोक म्हणतील देवमाणूस. सप्ताहात पुढं, पंगतीत वाढायला पुढं. लोकांना काय, ते पंगतीपुरतेच असतात. मी त्याच्या घरात वाढलो, म्हणून मी सांगतो: जे झालं ते त्याच्या हातानं झालं. जिनं झाडं वाचवली आणि मला वाचवलं, तिला कुणी नावं ठेवू नयेत. हे लिहायला बसलोय ते तिचे आभार मानायला. बापाचं नाव आधी घ्यावं लागलं, कारण त्याच्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही.

ती म्हणजे माझी आत्या, पंचफुलाबाई. नवरा गेल्यावर पोराला घेऊन ती माहेरी आली, तेव्हा भावानं तिला हायवेलगतचा मुरमाड उतार दिला. त्यात हरभरासुद्धा नीट येत नव्हता, म्हणूनच दिला. तोंडी दिला, कागदावर नाही. आत्यानं कुठूनतरी अंजिराचं एक झाड आणून विहिरीपाशी लावलं, आणि मग दर पावसाळ्यात त्याच्याच फांद्यांना गुट्या बांधून सगळा उतार भरून काढला. म्हणजे बागेतली सगळी झाडं खरं तर एकच झाड. एवढंच की ते ठिकठिकाणी उभं आहे.

गुटी काय ते सांगतो, पुढं लागेल. चांगली धरणारी फांदी निवडायची. चाकूनं तिची साल अंगठीसारखी गोल काढायची. उघड्या जागेवर ओलं शेवाळ थापायचं, वरून प्लास्टिक गुंडाळायचं, दोन्ही टोकं आवळून बांधायची. फांदी झाडावरच राहते आणि आत तिला स्वतःच्या मुळ्या फुटतात. प्लास्टिकातून त्या पांढऱ्या दिसायला लागल्या की गुटीच्या खालून कापायचं आणि लावायचं. झालं नवं झाड. लोक बांधायला सुतळी वापरतात. आत्या जुन्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्या वापरायची, आणि गाठ अशी मारायची की टोकं आत दडून जायची.

तिचा एक नेम होता. ज्यानं गुटी बांधली त्यानंच ती उतरवायची. दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. आणि दिसेल त्या फांदीला बांधायची नाही. "जी राखायची, तिलाच," म्हणायची.

हायवे चौपदरी झाला आणि बापाला त्या मुरमाड उतारात मंगल कार्यालय दिसायला लागलं. 'शेषेराव लॉन्स' असा फ्लेक्सही छापून आणला, त्यात स्वतःचा गॉगल घातलेला फोटो. आत्या म्हणाली, माझी झाडं जिती असेस्तोवर न्हाई. श्रावणात, गुट्या नुकत्याच बांधून झालेल्या असताना, बापानं तिला जीपमध्ये बसवून तिच्या पोराकडं, हरिओमकडं, मुदखेडला पाठवून दिलं. म्हातारीला जरा आराम, असं गावाला सांगितलं. जीपच्या खिडकीतून ती मला म्हणाली, "गुट्या मपल्या हातच्या हायेत बबलू. मी येऊन उतरवीन. तवर कुणाला हात लावू देऊ नको."

मुदखेडला गेल्यावर तिला लकवा मारला. ती परत आली नाही.

२

मी लातूरला डॉक्टर व्हायला गेलो होतो. आमच्याकडं पोरगं दहावीला जरा बरं निघालं की त्याला लातूरच्या क्लासला नेऊन टाकतात, ऊस कारखान्यावर टाकतात तसं. मी परीक्षेला बसलो, पडलो, परत बसलो, परत पडलो, आणि एक दिवस पेटी उचलून घरी आलो. बापानं गावात सांगितलं, सुट्टीवर आलाय. सुट्टी काही संपेना, तेव्हा त्यानं मला नाव दिलं: पाणसोट. झाडाच्या बुडातून एक फुटवा सरळसोट वर जातो, झाडाचं पाणी पितो आणि फळ मात्र धरत नाही, तो पाणसोट. छाटणीत पहिला तोच उडवतात. पाहुण्यांसमोर, जेवताना, कुठंही चालायचं. ए पाणसोट, तांब्या आण. आई, सिंधु तिचं नाव, खाली बघून भाकरी थापत राहायची. तिचंही मला काही फार कौतुक नाही.

आत्यानं काही विचारलं नाही. आलो त्या दिवशी माझ्या हाताला खोबरेल चोळलं, कारण अंजिराचा चीक कातडी जाळतो, आणि हातात छाटणीची कात्री दिली. डोळ्याच्या वर, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्याच्या वर, तिरपा काप घे म्हणाली, पाणी साचत नाही. बस्स. बाकी जगानं माझ्याकडं गुणपत्रिका मागितली, तिनं कात्री दिली. तेव्हापासून मी बागेतच, आखाड्यावर राहायला लागलो. आखाडा म्हणजे आमच्याकडं शेतातलं पत्र्याचं घर. एक खोली, बाभळीचे खांब, एक बाज. त्या खोलीत मला कुणी पाणसोट म्हणत नव्हतं. मला जगात हवी होती ती तेवढीच जागा.

आत्या मुदखेडला असतानाच आश्विनात छाटणीची वेळ आली. मी म्हणालो, आत्याच्या गुट्या सोडून छाटू. बापानं माझ्या हातातून कात्री घेतली आणि गुटीच्या फांद्याच पहिल्यांदा तोडल्या. मुद्दाम. त्या ओळीनं बांधावर टाकल्या. प्लास्टिकातून मुळ्या दिसत होत्या, पांढऱ्या, एकमेकींत अडकलेल्या, म्हाताऱ्या माणसाच्या केसांसारख्या. मी म्हणालो, जित्या आहेत. तो म्हणाला, लॉनमध्ये अंजीर काय नवरदेवाला खाऊ घालायचं का? आणि रॉकेल ओतून काडी लावली. वाळल्या फांद्या तडतडतात. या तडतडल्या नाहीत. बराच वेळ नुसता सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येत राहिला. प्लास्टिकाचा असेल.

जेसीबी येळवशीचा सण झाल्यावर येणार होता. तोवर तुला काय करायचं ते कर, असं बाप मला म्हणाला. म्हणून मी उरलेली बाग छाटली, कापांवर मोरचूद-चुन्याची पेस्ट लावली, पाणी दिलं. जी झाडं उपटायची आहेत त्यांची निगा करणं म्हणजे वेडेपणा, हे मला कळत होतं. पण आत्यानं दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

३

थंडी पडली, झाडांना कोवळी पानं आली, बारकी हिरवी फळं लागली. एका सकाळी पाणी देताना विहिरीपाशच्या झाडावर मला गुटी दिसली.

गुटी पावसाळ्यात बांधतात. थंडीत कुणी बांधत नाही, मुळ्या धरत नाहीत. आणि ही नवी होती. शेवाळ ओलं, हिरवंगार, प्लास्टिकावर दव. दोन्ही टोकांना हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी, आणि गाठीची टोकं आत दडलेली.

मला आधी बरं वाटलं, हे खरं सांगतो. कुणालातरी ही झाडं राखावीशी वाटतायत. आईनं केलं असेल, असं वाटलं. विचारलं तर ती म्हणाली, मला गाठ येत न्हाई ती, वन्सं कुणाला शिकवतच नव्हत्या. मग शेजारच्या शेतातल्या बजरंगला विचारलं. तो माझ्या वर्गात होता, शाळा सोडून माझ्या आधी शहाणा झालेला. त्यानं वाकून बघितलं आणि हसला.

"तुपल्या आत्याला मोबाइलवरून गुट्या बांधता येऊन राहिल्या काय रे?"

मीही हसलो.

दुसऱ्या सकाळी पुढच्या झाडावर होती. मग त्याच्या पुढच्या. विहिरीपासून सुरू झालेली ओळ एकेक झाड धरत उतारानं वर, आखाड्याकडं येत होती. आणि ज्या फांद्या निवडल्या होत्या त्या अगदी बरोबर होत्या. मी निवडल्या असत्या त्यापेक्षा बऱ्या.

४

मी सायन्सचा आहे, अर्धवट का होईना. म्हणून माझा पहिला संशय माझ्यावरच गेला. माणूस झोपेत चालतो, झोपेत कामं करतो. एकटा राहणारा, डोक्यात राग असलेला माणूस तर नक्कीच. मी बैलाच्या गळ्यातलं घुंगरू पायाला बांधून झोपायला लागलो. घुंगरू कधी वाजलं नाही. गुट्या येत राहिल्या. मी माझी नखं बघायचो, त्यात हिरवं काही नसायचं. आखाड्यात शेवाळाचा कण नव्हता. विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ मात्र जागोजाग खरवडलेलं दिसायचं, बोटांनी खरवडल्यासारखं, चार-चार रेघा.

दुसरा संशय बापावर. मला घाबरवून बागेतून काढायला. पण बापाला गाठ तर सोडाच, स्वतःच्या पायजम्याची नाडी नीट बांधता येत नाही, ती आई ओवून देते.

मग तो आवाज. दुपारचा यायचा. आखाड्याच्या सावलीत भाकरी खात बसलो की बागेतून यायचा, खर्र, खर्र, साल सोलण्याचा. ओली साल सोलताना होतो तसा, जरा चिकट. उठून बागेत गेलो की बंद व्हायचा. आणि मी बागेत उभा असताना तो आखाड्याच्या खोलीतून यायला लागायचा. मी दार ढकलायचो. बाज, पाण्याचा माठ, खुंटीला शर्ट, कोपऱ्यात खोरं. कुणी नाही. फक्त कच्च्या अंजिराच्या चिकाचा वास, डोळ्यांत चरचरणारा.

पळून जावंसं वाटलं नाही का? वाटलं. पण पळून कुठं? घरी, पाणसोट म्हणवून घ्यायला? मी बागेतच राहिलो. रोज सकाळी नव्या गुटीवर पाणी शिंपडायचो आणि मनात म्हणायचो, बरं केलंस. कुणाला म्हणायचो ते स्वतःलाही सांगत नव्हतो.

एका सकाळी कोपऱ्यातलं खोरं उचललं तर त्याच्या दांड्याला गुटी होती.

दांडा बाभळीचा, माझ्या आज्याच्या वेळचा, घामानं काळा पडलेला. त्यावर चिंधीनं आवळलेली गुटी. मी चिंधी सोडली नाही. प्लास्टिक उजेडाकडं धरलं आणि आत बघितलं. मेल्या लाकडाची साल गोल काढलेली होती, जिथं साल नव्हतीच तिथं. आणि त्या रिंगणातून पांढऱ्या मुळ्या फुटल्या होत्या. खोरं मी होतं तसं कोपऱ्यात ठेवलं. मग वर बघितलं. आखाड्याच्या खांबालाही होती, दाराजवळच्या, माझ्या डोक्याच्या उंचीवर. आणि बाजेच्या पायाला, ज्या बाजूला मी डोकं ठेवतो त्या पायाला.

५

मी हरिओमला फोन लावला. तो रेल्वेत आहे, मुदखेडला क्वार्टर आहे त्याला. मनाचा सरळ आहे, फक्त बायकोला आणि साहेबाला भितो. आत्या कशी आहे, विचारलं. तो म्हणाला, तशीच. पडून हाय. दोन्ही हात गेले तिचे, चमचा धरत न्हाई, बोलणंही जड झालंय. मग म्हणाला, "एक वेगळंच झालंय. बोटांची सालपटं निघून राहिलीत तिच्या. फोड येऊन राहिलेत बोटांच्या पेरांवर. डॉक्टर म्हणतो, कशाचीतरी अॅलर्जी हाय. पण ती कशाला हातच लावत न्हाई तर अॅलर्जी कशाची?"

मी बाजेवर बसलो होतो. खालून, बाजेच्या पायाकडून, चिकाचा वास येत होता.

आम्ही बागेत काम करणारे ते फोड ओळखतो. हात न माखता अंजिराची ओली फांदी सोलली की ते येतात, पेरांवर, नखांच्या कडेला. मलाही आले होते पहिल्या वर्षी.

 मग सुचलं तेच म्हणालो. "हरिओम, रोज सकाळी तिच्या हाताला खोबरेल लाव. बोटांच्या मधीसुद्धा."

"त्यानं अॅलर्जी जाईल?"

"फोड येणार न्हाईत," मी म्हणालो.

६

येळवस आमच्या लातूरकडचा सण. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला गावं रिकामी पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप उभी करतात, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून चुना लावतात, भज्जीचं पातेलं आणि आंबिलाचा माठ नेतात. मग कुणीतरी आंबिल शिंपडत पिकाभोवती फिरतं. आत्या असताना ते काम तिचं होतं, बागेला फेरी मारायची ती. या वर्षी बाप म्हणाला, झाडं जाणार हायेत, शिंपडायचं कशाला? आणि पाहुण्यांना हात लांब करून दाखवत बसला: हिकडं स्टेज, हिकडं जेवणाचा मंडप, विहीर बुजवून पार्किंग. पाहुणे बाजरीच्या उंड्यांवर भज्जी घेत हाव हाव म्हणत माना डोलवत होते. गुट्या कुणालाच दिसत नव्हत्या का, मला कळलं नाही. झाडाझाडाला चिंध्या लटकत होत्या. शेतकऱ्याच्या डोळ्याला चिंधी दिसतेच, पण मालकाच्या घरचं खाऊन झाल्यावर नाही दिसत.

मी एकटाच आंबिलाचा मोगा, म्हणजे बारकं मडकं, घेऊन फेरी मारायला निघालो. आंबिल शिंपडत विहिरीपाशच्या झाडाला आलो आणि मोठ्यानं म्हणालो, आत्या, उद्या जेसीबी यायलाय. बस्स, एवढंच. झाडाखाली उभं राहून कुणाशी बोलावं तसं.

आंबिल पोटात गेलं की झोप आवरत नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत आहे. उन्हं उतरायच्या आत रानभर सगळी माणसं झाडाखाली आडवी होतात. पाहुणे गेले, आई बांधावर पडली, मी कोपेत आडवा झालो. बाजूला बाप, पोटावर हात ठेवून घोरत.

खर्र, खर्र.

झोपेत ऐकलं मी ते. जवळ होतं, अगदी कानाशी. दुखत नव्हतं. उलट बरं वाटत होतं. लहानपणी आत्या मांडीवर हात घेऊन काटा काढायची, तेव्हा वाटायचं तसं. खडबडीत, तेलकट बोटं माझा हात धरून होती. मी डोळे उघडले नाहीत. उघडता आले असते. उघडले नाहीत.

जाग आली तेव्हा कडब्यातून उन्हाच्या रेघा आत येत होत्या. माझ्या डाव्या करंगळीला गुटी होती. ओलं शेवाळ, प्लास्टिक, दोन्ही टोकांना हिरव्या काठाची चिंधी, टोकं आत.

मी बापाकडं बघितलं. त्याच्या दोन्ही हातांकडं, पायांकडं. कुठं काही नव्हतं. त्याच्यात राखण्यासारखं तिला काही दिसलं नव्हतं. हे मला आधी दिसलं आणि मग भीती वाटली, असा तो क्रम होता. खोटं कशाला लिहू?

बाप जागा झाला. त्यानं माझा हात बघितला. आधी त्याला वाटलं मी सोंग करतोय. "बास झाले हे माकडचाळे," म्हणत त्यानं मनगट धरलं आणि गुटी ओढली. चिंधी सुटली नाही, पण प्लास्टिक एका बाजूनं फाटलं, आणि माझ्या बोटातून त्याच्या हातावर काहीतरी ठिबकलं. रक्त नव्हतं. पांढरं होतं, दाट. अंजिराचं कोवळं पान तोडल्यावर देठातून येतं तसं.

बापाच्या हातावर तिथल्या तिथं फोड आला. तो बघतच राहिला. मग फाटल्या जागेतून आत काय दिसलं त्याला, ते त्यानं मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तो गुडघ्यांवर रांगत कोपेतून बाहेर गेला. पांडवांचे दगड त्याच्या पायानं उधळले. अनवाणी हायवेपर्यंत गेला, आई मागनं हाका मारत असताना.

७

जेसीबी सकाळी आलाच, ठरलेला होता. ड्रायव्हरनं तो बागेच्या कडेला लावला आणि चहाला गेला. परत आला आणि मशीनच्या हाताजवळ उभा राहिला. त्या पिवळ्या लोखंडी हाताला, जिथं बकेट जोडतात त्याच्या वर, चिंधीनं गुटी आवळलेली होती. तो आत डोकावला. मी नाही. मग त्यानं मशीन चालू केलं आणि मागंमागं, वळणसुद्धा न घेता, हायवेला नेलं. काही विचारलं नाही, बापाला फोनही केला नाही. माझ्याकडं मात्र एकदा बघितलं, देवळातून निघताना बघतात तसं.

मी हातावर टॉवेल गुंडाळला आणि नांदेडची गाडी धरली. बसमध्ये करंगळी जड झाली होती, भरलेल्या पाण्याच्या पिशवीसारखी, आणि आत काहीतरी हळू हळू जागा शोधत होतं. डॉक्टरकडं का गेलो नाही, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. अर्धा डॉक्टर मीच आहे, त्याचा काय उपयोग झाला? ज्यानं बांधली त्यानंच उतरवायची. एवढं मला पक्कं माहीत होतं.

मुदखेडच्या क्वार्टरमध्ये मधल्या खोलीत आत्या होती. खिडकीला पडदा, बाहेर शंटिंगचा आवाज, डब्याला डबा लागल्यावर होतो तो. हरिओमनं तिच्या हाताला तेल लावलं होतं. फोड सुकत आले होते. खोलीत औषधाचा वास होता आणि त्याखाली दुसरा, ओळखीचा. तिच्या नखांत हिरवं होतं. हरिओम म्हणाला, ती कालपासून दाराकडं बघून राहिलीय. मी त्याला चहा करायला पाठवलं.

मी टॉवेल काढून हात तिच्या उशाशी ठेवला. तिचं अर्धं तोंड खाली ओढलेलं होतं, अर्धं तिचंच होतं. त्या अर्ध्यानं ती बोलली.

"फुटल्या का?"

"हाव, आत्या."

"मंग दे हिकडं."

मी हात तिच्या पांघरुणाखाली सरकवला. ते हात हलत नव्हते, हे मला माहीत होतं. मी भिंतीकडं बघत राहिलो. भिंतीवर रेल्वेचं कॅलेंडर होतं, त्यातला पूल, पुलावरची गाडी. पांघरुणाखाली तेलकट, खडबडीत बोटांनी माझं मनगट धरलं, घट्ट, छाटणीच्या हंगामातल्यासारखं. कात्री कुठं नव्हती. तरी तो आवाज मी ओळखतो, डोळ्याच्या वर तिरपा काप घेतल्यावर होतो तो. कट्. मग हलकं वाटलं. खूप हलकं.

तिनं ते कुठून काढलं मी बघितलं नाही, पण माझ्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आत्या दमली होती. डोळे मिटून म्हणाली, "लाव. पाण्याला कमी करू नको."

हरिओम चहा घेऊन आला तेव्हा तिचे दोन्ही हात पांघरुणावर होते, होते तसेच, मेलेले. त्यानं माझा हात बघितला आणि कप खाली ठेवला. मी म्हणालो, दुखत नाही. खरंच दुखत नव्हतं. जखम नव्हती. तिथं चुन्याची पेस्ट लावल्यासारखं निळसर पांढरं सुकलेलं होतं.

८

लातूरच्या सर्जननं नंतर बघितलं. म्हणाला, हे तर जन्मापासून असं दिसतंय. मी हाव म्हणालो.

बाप बागेत परत आला नाही. आईच्या हाती निरोप धाडला, घे म्हणावं ती जागा, माझ्यापुढं तिचं नाव काढू नका. त्यानं कागदावरही करून दिलं, त्याच्याच्यानं कधी काही इतक्या लवकर झालं नव्हतं. 'शेषेराव लॉन्स'चा फ्लेक्स मी आखाड्याच्या पत्र्यावर गळतं बंद करायला टाकलाय, गॉगल आभाळाकडं करून. गुटीच्या चिंध्या सगळ्या आपोआप सुटल्या, ज्या दिवशी मी मुदखेडला गेलो त्या दिवशी. झाडांखाली पडलेल्या मिळाल्या. मुळ्या फुटलेल्या फांद्या मी पिशव्यांत लावल्या, एकही मेली नाही. फाल्गुनात बाग पिकली तेव्हा पहिली टोपली हरिओमकडं पाठवली. आत्या खाऊ शकत नाही, पण त्यानं तिच्या ओठाला गर लावला आणि ती हसली म्हणे, दोन्ही बाजूंनी.

आवाज आता येत नाही. मी कधी कधी वाट बघतो. बागेत काम करताना तेल लावायला विसरलो की मुद्दाम मोठ्यानं म्हणतो, बघ, विसरलो.

मला कुणी राखण्यासारखी फांदी समजेल, असं वाटलं नव्हतं. घरात माणसं होती, मास्तर होते, क्लासची फी भरणारा बाप होता. त्यांच्यातल्या कुणालाच ते वाटलं नाही. एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला वाटलं. हे मी कधी फेडू शकणार नाही, आणि मला फेडायचंही नाही. मला फक्त सांगायचं होतं.

बांधाजवळ, जिथं बापानं गुट्या जाळल्या होत्या, ती जागा मी खणली आणि फडक्यातलं तिथं लावलं. फडकं सोडून बघितलं नाही. रोज पाणी देतो. महिन्याभरात तिथून एक कोंब वर आला. पानं अंजिराचीच आहेत, रुंद, पाच बोटांची. वारा नसतानाही ती माझ्याकडं वळतात, एवढाच फरक. त्याची छाटणी या आश्विनात करायची की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

मला याचं जे मोजावं लागलं ते एवढंच: डाव्या हाताची करंगळी, बुडापासून.